‘येतो सर’ म्हणून निघालो आणि साहेब वाट बघत बसले: इंग्रजी शब्दांच्या जोड्या कशा शिकाव्यात

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतून वस्तू घडवणाऱ्या कारखान्याच्या, स्टोअरमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा दहावीपर्यंतचं माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं होतं. साहेब तमिळ. त्यांना मराठी येत नव्हतं आणि कन्नडही जेमतेमच. पहिल्याच आठवड्यात, सुट्टीचा भोंगा झाल्यावर त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहिलो आणि अदबीनं म्हणालो, ‘सर, आय ॲम कमिंग.’ मग सायकलवर टांग टाकली आणि वडगावला घरी. साहेब अर्धा तास वाट बघत बसले, हा काहीतरी घेऊन येतोय म्हणून.

आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. शेजारचे कन्नड बोलणारेही ‘बर्तीनी’ म्हणूनच निघतात, म्हणजे ‘येतो’च. दोन्ही भाषांनी मिळून मला एकाच खड्ड्यात ढकललं होतं.

हा लेख त्या खड्ड्यातून बाहेर येण्यासाठी. मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) इंग्रजीत जाऊन पडलेली पोरं, नोकरीच्या मुलाखती देणाऱ्या मुली, कारखान्यात नव्यानं लागलेले ऑपरेटर, या सगळ्यांची अडचण बहुतेक वेळा व्याकरणाची नसते. दोन जवळजवळच्या शब्दांतला कुठला उचलायचा, तिथं ते अडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माणसाच्या डोक्यात मराठी आणि कन्नड आधीच शेजारी-शेजारी नांदत असतात, म्हणून आपल्या चुकाही थोड्या वेगळ्या होतात. त्या ओळखून शिकलं तर काम सोपं होतं.

पहिली पायरी: वही उलटी लिहायला घ्या

इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ, अशी वही सगळ्यांनी केलेली असते. ती बाजूला ठेवा. नव्या वहीत पानाच्या मधोमध मराठी शब्द लिहा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे इंग्रजी शब्द. खाली प्रत्येकाचं एक वाक्य, आणि तेही तुमच्या गल्लीतलं, तुमच्या घरातलं. ‘राम इज अ गुड बॉय’ छाप नको.

असं का? खानापूरकडची एक मुलगी माझ्याकडे रविवारी शिकायला येते. ती म्हणाली, ‘सर, मी बँकेत लेंड पायजे म्हटलं खरं मॅडम हसल्या.’ (आमच्याकडचं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याचा माणूस इथंच पहिला गोंधळतो. असो.) तिच्या वहीत ‘लेंड’ म्हणजे उसने आणि ‘बॉरो’ म्हणजेही उसने, एवढंच होतं. देणे की घेणे, हा महत्त्वाचा अर्धा भाग वहीतून गळून गेला होता. मधोमध ‘उसने’ लिहून एका बाजूला ‘देणं: लेंड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘घेणं: बॉरो’ लिहिलं, की गळायला जागाच राहत नाही. बँक लेंड करते, आपण बॉरो करतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर आई बॉरो करते आणि शेजारीण लेंड करते.

दुसरी पायरी: आधी दिशा विचारा

जोडी समोर आली की पहिला प्रश्न हाच: वस्तू किंवा माणूस कुणाकडे चाललाय?

‘कम’ म्हणजे बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे. ‘गो’ म्हणजे या दोघांना सोडून तिसरीकडे. मैत्रिणीनं फोनवर विचारलं, ‘हळदीकुंकवाला येतेस ना?’ तर ‘आय ॲम कमिंग’ बरोबर, कारण तुम्ही तिच्याकडे निघालात. साहेबांच्या केबिनमधून घरी निघालात तर ‘आय ॲम लीव्हिंग, सर’ किंवा ‘सी यू टुमारो, सर’. अपशकुनाची काळजी करू नका, इंग्रजीला तो लागू होत नाही. उलटी चूकही होते. आतून कुणी हाक मारली की आपण ‘आलो!’ म्हणतो. ते शब्दाला शब्द लावून ‘आय केम’ करू नका. तिथं ‘कमिंग!’

‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांचंही तसंच. आणणे आणि नेणे हे मराठीत स्वच्छ वेगळे आहेत, तरी आपण चुकतो, कारण बोलताना आपण ‘आण’पेक्षा ‘घेऊन ये’ जास्त म्हणतो. कन्नडातही ‘तगोंड बा’, म्हणजे घेऊन ये. त्यातून आपल्या भागात एक खास इंग्रजी तयार झालं आहे: ‘टेक अँड कम’. मी स्वतः पाच वर्षं तेच बोलत होतो आणि उद्यमबागेत सगळ्यांना कळतही होतं. बाहेरच्या माणसाला मात्र ‘ब्रिंग’ म्हणा. ‘ब्रिंग द गेज’ म्हणजे गेज (मोजमापाचं साधन) इकडे घेऊन ये. ‘टेक द गेज टु द मशीन शॉप’ म्हणजे तिकडे घेऊन जा.

तिसरी पायरी: स्वतः करतो की दुसऱ्याकडून करवतो?

ही पायरी नीट वाचा. माझ्या मते निम्म्या चुका इथं आहेत.

मराठीत एक सोय आहे. शिकणे, शिकवणे. बसणे, बसवणे. वाढणे, वाढवणे. मधे ‘व’ घातला की काम दुसऱ्यावर गेलं. कन्नडातही तशीच सोय: ‘कलि’ म्हणजे शीक आणि ‘कलिसु’ म्हणजे शिकव. शब्द एकच, शेपूट वेगळं. इंग्रजीत ही सोय फारशी उरलेली नाही. तिथं बहुतेक वेळा शब्दच नवा येतो आणि दोघांचं नातं चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

‘लर्न’ म्हणजे शिकणे, ‘टीच’ म्हणजे शिकवणे. ‘सर लर्न्ड मी’ हे वाक्य शंभरदा ऐकलंय. ‘ईट’ म्हणजे खाणे, ‘फीड’ म्हणजे भरवणे किंवा जनावराला चारा घालणे. ‘सी’ म्हणजे दिसणे, ‘शो’ म्हणजे दाखवणे.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’चा. आठवणे आणि आठवण करून देणे. ऑफिसात कुणाला ‘प्लीज रिमेंबर मी टुमारो’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल हा गाव सोडून चाललाय आणि मागं आपली आठवण ठेवा म्हणतोय. तुम्हाला म्हणायचं असतं, ‘उद्या मला आठवण करा.’ ते ‘रिमाइंड मी’.

आणखी एक जोडी पेपरात रोज भेटते: ‘राइज’ आणि ‘रेझ’. वाढणे आणि वाढवणे, उठणे आणि उठवणे. जुलैत कणकुंबीकडे पाऊस लागला की मलप्रभेचं पाणी वाढतं. ते ‘राइझेस’, कुणी वाढवलेलं नसतं. बसचं तिकीट महामंडळ वाढवतं, म्हणून ‘दे रेझ द फेअर’. प्रवाशाच्या तोंडून मात्र ‘द फेअर हॅज रिझन’, कारण त्याच्या दृष्टीनं ते वाढलं. ओळखायची खूण सोपी: पुढे ‘काय वाढवलं?’ हा प्रश्न विचारता येत असेल तर ‘रेझ’, नसेल तर ‘राइज’. वर्गात हात वर करणंही ‘रेझ’च, कारण हात आपण उचलतो.

‘लाय’ आणि ‘ले’ ही जोडी याच घरातली, आडवं होणे आणि आडवं ठेवणे. तिची भूतकाळातली रूपं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की इंग्रजी घरात जन्मलेलेही तिथं घसरतात. नव्या माणसानं ‘लाय डाउन’ म्हणजे आडवा हो, एवढं धरून पुढे जावं.

चौथी पायरी: आपोआप झालं की मुद्दाम केलं?

इथं मराठी तुमच्या बाजूनं आहे, फक्त तिला विचारायला हवं. ‘मला ऐकू येतंय’ आणि ‘मी ऐकतोय’. ‘मला दिसतंय’ आणि ‘मी बघतोय’. पहिल्यात ‘मला’ आहे, म्हणजे गोष्ट आपोआप कानावर पडली, डोळ्यांना दिसली. दुसऱ्यात ‘मी’ आहे, म्हणजे लक्ष देऊन केलं. ‘मला’ असेल तर ‘हिअर’ आणि ‘सी’. ‘मी’ असेल तर ‘लिसन’ आणि ‘लुक’. आणि हलत्या गोष्टीकडे बराच वेळ बघत बसलात, म्हणजे क्रिकेटची मॅच किंवा गणपतीची मिरवणूक, तर ‘वॉच’.

हे नुसतं पुस्तकी नाही. फोनवरच्या एका मुलाखतीत रेंज गेली. आमच्याकडच्या मुलानं समोरच्या मॅडमना विचारलं, ‘आर यू लिसनिंग?’ त्याला म्हणायचं होतं, माझा आवाज येतोय का. मॅडमना ऐकू गेलं, ‘लक्ष आहे का तुमचं?’ असं वर्गात मास्तर पोराला विचारतात. तिथं हवं होतं, ‘कॅन यू हिअर मी?’ ही एकच ओळ पाठ करा, मोबाइलच्या काळात रोज लागते. आणि ‘लिसन’नंतर ‘टु’ विसरू नका: ‘लिसन टु मी’.

ज्यांची शाळा कन्नड होती त्यांना इथं जास्त त्रास होतो. कन्नडातल्या ‘केळु’चा अर्थ ऐकणेही होतो आणि विचारणेही. मराठीवाले ऐकणे आणि विचारणे यांत गोंधळत नाहीत, पण त्यांची चूक पुढच्या दारात असते: विचारणे आणि मागणे. इंग्रजीत दोन्हींना ‘आस्क’. फरक एवढाच की मागायचं असेल तर पुढे ‘फॉर’ येतो. ‘आस्क हिम’ म्हणजे त्याला विचार. ‘आस्क फॉर द बिल’ म्हणजे बिल माग. ‘फॉर’ गाळलात तर बिलालाच काहीतरी विचारल्यासारखं होतं. जाता जाता: पैसे देण्याआधी मिळतं ते ‘बिल’, दिल्यावर मिळते ती पावती म्हणजे ‘रिसीट’.

‘से’ आणि ‘टेल’मध्येही मराठीचा फायदा घ्या. म्हणणे म्हणजे ‘से’, सांगणे म्हणजे ‘टेल’. कन्नडात दोन्हींना ‘हेळु’ चालतं. मराठीवाला चुकतो तो ‘तो मला म्हणाला’ या वाक्यात, आणि ‘ही सेड मी’ बोलून मोकळा होतो. ‘टेल’ला माणूस लगेच चिकटतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला चिकटत नाही. एक तर माणूस सोडून द्या, ‘ही सेड’, नाहीतर मधे ‘टु’ घाला, ‘ही सेड टु मी’.

पाचवी पायरी: एका मराठी शब्दाची वाटणी करा

आपल्या एका शब्दाच्या जागी इंग्रजीत दोन-तीन शब्द असतात, तेव्हा वस्तू कुठली आहे ते बघावं लागतं.

‘भाडं’ घ्या. घराचं भाडं ‘रेंट’. बसचं, रिक्षाचं भाडं ‘फेअर’. लग्नासाठी मांडव, खुर्च्या थोड्या वेळापुरत्या भाड्यानं आणल्या तर ‘हायर’. कंडक्टरला ‘खानापूरचा रेंट किती?’ असं विचारणारा भेटला होता मला. कंडक्टर म्हणाला, ‘बस विकत घेतासा की काय काका?’

‘पगार’ महिन्याचा ठरलेला असेल तर ‘सॅलरी’. हजेरीवर, दिवसाचा किंवा आठवड्याचा असेल तर ‘वेजेस’. नोकरीच्या फॉर्ममध्ये हे वेगळे रकाने असू शकतात.

कारखान्यात जाणाऱ्यांनी ‘सुरक्षा’ या शब्दाकडे लक्ष द्यावं. अपघातापासून बचाव ती ‘सेफ्टी’, म्हणून सेफ्टी शूज, सेफ्टी गॉगल. माणसापासून, चोरीपासून, घुसखोरीपासून बचाव ती ‘सिक्युरिटी’, म्हणून गेटवरचा सिक्युरिटी. वितळलेलं लोखंड अंगावर उडू नये ही सेफ्टी. ते लोखंड कुणी पळवू नये ही सिक्युरिटी. घर भाड्यानं घेताना जी अनामत ठेवतो तीही ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, कारण घरमालक तुमच्यापासून बचाव करत असतो.

‘चूक’ या शब्दावर तर मी फाउंड्रीत महिनाभर बोलणी खाल्ली. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, ब्लो होल (हवेचं छिद्र) राहिलं तर तो ‘डिफेक्ट’, म्हणजे वस्तूतला दोष. माणसानं केली ती ‘मिस्टेक’. मोजमापात, हिशेबात आली ती ‘एरर’. मशीन किंवा वायरिंग बिघडलं तर ‘फॉल्ट’. पण माणसाबद्दल ‘फॉल्ट’ म्हणालात की अर्थ होतो, दोष कुणाचा. रिपोर्टमध्ये मी ‘ऑपरेटर फॉल्ट’ लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं, ऑपरेटरच्या मशीनमध्ये बिघाड आहे. बिचाऱ्याला जाब विचारला गेला. नंतर मी त्याला कँटीनमध्ये चहा पाजला, पण तो दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही.

शरीराचे शब्द डॉक्टरकडे लागतात. ‘हात’ म्हणजे मनगटाच्या पुढे ‘हँड’ आणि वर ‘आर्म’. ‘पाय’ म्हणजे घोट्याच्या खाली ‘फूट’ आणि वर ‘लेग’. हाताचं बोट ‘फिंगर’, पायाचं ‘टो’. कोल्हापुरी चपलांचं भौगोलिक मानांकन 2019 मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या चार जिल्ह्यांनाही मिळालं. अथणी, निपाणीची चप्पल आता परदेशी गिऱ्हाइकालाही ऑनलाइन विकता येते. त्या गिऱ्हाइकाला ‘लेग साइझ’ विचारू नका, तो मांडीपासून मोजायला लागेल. ‘फूट लेंग्थ’ विचारा.

बाकीच्या भराभर. झाडाची सावली ‘शेड’, माणसाच्या आकाराची सावली ‘शॅडो’. भिंतीवरचं घड्याळ ‘क्लॉक’, मनगटावरचं ‘वॉच’. विटा-सिमेंटचं घर ‘हाउस’, आपली माणसं जिथं आहेत ते ‘होम’.

‘करणे’ मात्र भराभर होणार नाही. ‘डू’ की ‘मेक’? मराठी ‘करणे’ आणि कन्नड ‘माडु’ दोन्ही इथं मदत करत नाहीत. माझी ढोबळ खूण अशी: काम संपल्यावर हातात काही नवं उरलं तर ‘मेक’. भाकरी, कुंदा, मूर्ती, चप्पल. नुसतं काम झालं तर ‘डू’: भांडी, व्यायाम, होमवर्क. ही खूण दहातल्या सहा-सात वेळा चालते. ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ कॉल’, ‘डू बिझनेस’ अशी वाक्यं तिला जुमानत नाहीत. ती सुटी-सुटी पाठ करायची, त्याला इलाज नाही.

आणि आपल्या जिव्हाळ्याची ‘सीमा’. ‘बाउंडरी’ म्हणजे दोन जागांमधली रेषा: शेताचा बांध, प्लॉटची हद्द, मैदानाची दोरी. ‘बॉर्डर’ म्हणजे दोन राज्यांमधली किंवा देशांमधली सीमा, आणि तिच्या लगतचा पट्टाही. म्हणून सीमाभागाला ‘बॉर्डर एरिया’ म्हणतात. प्रश्न मात्र रेषा कुठून जावी याचा, म्हणून इंग्रजीत तो ‘बाउंडरी डिस्प्यूट’ही आणि ‘बॉर्डर डिस्प्यूट’ही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा हा महाराष्ट्र-कर्नाटक वाद वाचताना दोन्ही शब्द दिसले तर गोंधळू नका.

सहावी पायरी: जुळ्या दिसणाऱ्यांपासून सावध

‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहास घडवणारं. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित काहीही. 1924 चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन ‘हिस्टॉरिक’, कारण गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. त्याच वर्षीची एखादी जमाखर्चाची वही सापडली तर ती ‘हिस्टॉरिकल’.

‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चाचं. कमी पेट्रोल पिणारी गाडी ‘इकॉनॉमिकल’. ‘ऑल्टरनेट’ म्हणजे एकाआड एक, जसं नळाचं पाणी ‘ऑल्टरनेट डेज’. ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणजे पर्याय, जसं नळ नाही आला तर टँकर. ‘अडव्हाइस’च्या शेवटी ‘स’ ऐकू आला तर तो सल्ला, ‘झ’सारखा ऐकू आला तर सल्ला देणे. ‘अफेक्ट’ म्हणजे परिणाम करणे, ‘इफेक्ट’ म्हणजे झालेला परिणाम. या दोघांना अपवाद आहेत, पण नव्या माणसाला ते इतक्यात भेटणार नाहीत.

सातवी पायरी: फॉर्म भरताना

‘प्रेझेंट ॲड्रेस’ म्हणजे आता राहता तो पत्ता, ‘पर्मनंट ॲड्रेस’ म्हणजे कायमचा. हॉस्टेलवर असाल तर हे दोन वेगळे. ‘पेरेंट’ म्हणजे आई किंवा वडील, ‘गार्डियन’ म्हणजे पालक म्हणून जबाबदारी घेणारं कुणीही, मामा-काकाही. ‘सर्नेम’ म्हणजे आडनाव, ‘इनिशियल’ म्हणजे नावाचं पहिलं अक्षर. कर्नाटकात पुष्कळ जणांच्या नावात नुसती इनिशियल्स असतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं होऊ देऊ नका.

‘बर्थ प्लेस’ म्हणजे जन्म जिथं झाला ते गाव, ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणजे मूळ गाव. जन्म बेळगावच्या दवाखान्यात झाला आणि मूळ गाव चंदगडकडचं असेल, तर दोन रकान्यांत दोन नावं. शहराचं इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृतपणे ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. जुन्या दाखल्यावर जुनं आणि नव्या कागदावर नवं दिसलं तर घाबरू नका.

आठवी पायरी: स्वतःची परीक्षा

आठवड्यातून एकदा वही मिटून पाच वाक्यं लिहा आणि शब्दाची जागा मोकळी सोडा. दुसऱ्या दिवशी ती भरा, लगेच नको, लगेच भरली तर नुसती पाठांतराची परीक्षा होते. सुरुवातीला ही घ्या:

‘अण्णा, माझ्या मोबाइलला रेंज नाही, तुमचा जरा ___ कराल का?’ इथं लेंड की बॉरो?

‘सर, मीटिंग उद्या आहे, मला सकाळी ___ करा.’ रिमेंबर की रिमाइंड?

‘गणपत गल्लीत काल दुकानदार मला ___ की भाव उतरलेत.’ सेड की टोल्ड?

‘निपाणीपर्यंत बसचं ___ किती?’ रेंट की फेअर?

‘मशीनजवळ हेल्मेट घाल, ___ आधी.’ सिक्युरिटी की सेफ्टी?

उत्तरं क्रमानं: लेंड, रिमाइंड, टोल्ड, फेअर, सेफ्टी. तिसऱ्यात ‘सेड’ आलं असेल तर चौथी पायरी परत वाचा. माझ्या रविवारच्या वर्गात तिथं निम्मे जण घसरतात.